अमेरिकेत परवडणारा प्रदेश कसा शोधावा : स्वस्ताईचे कारण आधी तपासा

विचारणा थोडक्यात अशी आहे. चार जणांचे एक कुटुंब न्यू जर्सीत भाड्याने राहते. पती एच-१बी व्हिसावर आहेत आणि त्यांचे काम पूर्णपणे घरून करता येते. पत्नी रुग्णालयाच्या प्रशासनात काम करतात आणि स्थलांतर केल्यास त्यांना नवी नोकरी शोधावी लागेल. दोघांची मिळून सुमारे १ लाख २० हजार डॉलरची वार्षिक मिळकत भाडे, लहान मुलाचे पाळणाघर, दोन गाड्या आणि विमे यांत संपते, घरासाठी शिल्लक राहत नाही. म्हणून अमेरिकेतील कोणते राज्य सर्वांत स्वस्त आणि तरीही राहण्याजोगे आहे, असे त्यांनी विचारले आहे.

स्थलांतर करू पाहणाऱ्या कुटुंबांच्या खर्चाचे नियोजन करणे हे माझे काम आहे आणि हा प्रश्न बहुतेक सर्वच कुटुंबे याच शब्दांत विचारतात. माझे उत्तर असे की ‘कुठे स्वस्त आहे’ याच्या आधी ‘तिथे स्वस्त का आहे’ हे विचारावे. एखाद्या प्रदेशात घरे स्वस्त असण्यामागे नेहमीच काहीतरी कारण असते. ते कारण तुमच्या कुटुंबाला बाधणारे नसेल, तर ती स्वस्ताई तुमच्यासाठी खरी आहे. बाधणारे असेल, तर घराच्या किमतीत वाचलेला पैसा दुसऱ्या वाटेने निघून जातो.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करावी लागेल. राज्य हे या शोधाचे योग्य एकक नाही. वाणिज्य खात्याचा आर्थिक विश्लेषण विभाग दरवर्षी प्रादेशिक किंमतपातळीचा निर्देशांक प्रसिद्ध करतो, त्यात संपूर्ण देशाची पातळी १०० मानलेली असते. अलीकडच्या वर्षांत आर्कान्सा आणि मिसिसिपी ८७ च्या आसपास, तर कॅलिफोर्निया ११२ च्या आसपास दिसते. हा फरक मोठा आहे आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा घरभाड्याचा आहे, कारण वस्तूंच्या किमती देशभर फारशा बदलत नाहीत. परंतु राज्याच्या आतला फरक अनेकदा दोन राज्यांमधल्या फरकापेक्षा अधिक असतो. न्यू यॉर्क राज्यातच मॅनहॅटन आहे आणि बफेलोही आहे. इलिनॉयमध्ये शिकागोची श्रीमंत उपनगरे आहेत आणि पिओरियाही आहे. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे राज्यांतले जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि शोध त्या पातळीवर, शेवटी तर पिनकोडाच्या पातळीवर घ्यावा लागतो.

त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती फुकट मिळते. जनगणना विभागाच्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मध्ये प्रत्येक काउंटीचे मध्यम भाडे, घरांची मध्यम किंमत आणि मध्यम उत्पन्न दिलेले असते. त्यातील पाच वर्षांचे आकडे छोट्या काउंट्यांसाठीही उपलब्ध आहेत, पण ते पाच वर्षांची सरासरी असल्यामुळे बाजाराच्या मागे राहतात आणि त्यांत दहा-दहा वर्षे त्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूंचे जुने भाडेही मिसळलेले असते. नव्याने येणाऱ्याला काय मोजावे लागेल, याचा अधिक चांगला अंदाज गृहनिर्माण खात्याच्या ‘फेअर मार्केट रेंट’वरून येतो. अलीकडे घर बदललेल्या भाडेकरूंपैकी चाळीस टक्क्यांची भाडी ज्याच्या खाली येतात, असे वीज-पाणी धरून असलेले ते भाडे असते आणि मोठ्या शहरी विभागांसाठी ते पिनकोडनिहायही मिळते. एमआयटीच्या ‘लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर’मध्ये काउंटी आणि कुटुंबरचना निवडली की घर, पाळणाघर, प्रवास, वैद्यकीय खर्च आणि कर असे वेगवेगळे आकडे समोर येतात; दोन मुलांच्या कुटुंबाने पहिला चाळणीचा हात यावरच मारावा. वृत्तपत्रांतून येणाऱ्या ‘सर्वांत स्वस्त दहा शहरे’ अशा याद्यांवर मात्र मी विसंबत नाही. त्यांतील पुष्कळ याद्यांचा आधार असलेला शहरी राहणीमान-खर्चाचा निर्देशांक स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या शहरांपुरताच असतो आणि तो वरच्या उत्पन्नगटातील व्यावसायिक कुटुंबाच्या खरेदीवर बेतलेला असतो. जी शहरे सहभागी झाली नाहीत ती त्या यादीत कधी दिसणारच नाहीत.

आता स्वस्ताईच्या कारणांकडे येते, कारण सगळा निर्णय त्यांवरच उभा आहे.

पहिले आणि सर्वांत सखोल कारण लोकसंख्या घटणे हे आहे. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती, २०२० मध्ये ती सुमारे ६ लाख ३९ हजार झाली. क्लीव्हलंड याच काळात ९ लाख १५ हजारांवरून ३ लाख ७३ हजारांवर आले, बफेलो ५ लाख ८० हजारांवरून २ लाख ७८ हजारांवर. माणसे निघून जातात, पण घरे जागेवरच राहतात. ती पन्नास-शंभर वर्षे टिकतात, त्यामुळे मागणी ओसरली की किंमत नव्याने घर बांधण्याच्या खर्चापेक्षाही खाली जाते. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युर्को या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये हीच गोष्ट नीट मांडून दाखवली होती. या प्रकारच्या स्वस्ताईत एक मोठी सोय आहे : पाच-सहा लाखांसाठी बांधलेले रस्ते, ग्रंथालये, उद्याने, विद्यापीठे आणि रुग्णालये अडीच-तीन लाख लोकांच्या वाट्याला आलेली असतात. आणि एक मोठी अडचणही आहे : तेच सारे सांभाळण्याचा खर्च उरलेल्यांच्या करांतून भागवावा लागतो, घरे जुनी असतात, १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता असते आणि जुन्या घराचे छप्पर, सांडपाण्याची वाहिनी किंवा तळघर दुरुस्त करण्याचा खर्च घराच्या कमी किमतीच्या प्रमाणात कमी होत नाही. ऐंशी हजार डॉलरच्या घराचे छप्परही चार लाखांच्या घराच्या छपराइतकेच महाग पडू शकते.

मात्र घटलेली सगळी शहरे एकसारखी नाहीत आणि येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. ओहायोतील यंग्सटाउनमध्ये १९७७ पासून पोलाद कारखाने बंद होत गेले आणि त्यांची जागा तितक्याच ताकदीच्या दुसऱ्या कोणत्या रोजगाराने घेतली नाही. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गमध्येही पोलाद कोसळले, परंतु तेथे विद्यापीठे आणि रुग्णालये मोठी होती आणि ती वाढत गेली. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये कोडॅक कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तोपर्यंत तेथील विद्यापीठ आणि त्याची रुग्णालये हीच सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था झालेली होती. म्हणून घटत्या शहरांपैकी निवड करताना मी एकच गोष्ट आधी पाहते : आज तेथे पगार कोण देतो? विद्यापीठ, मोठे रुग्णालय किंवा राज्याची राजधानी यांपैकी काही असेल, तर ते शहर स्वस्त असूनही जिवंत असण्याची शक्यता बरीच मोठी असते. पगार देणारा एकच कारखाना, एकच खाण किंवा एकच तुरुंग असेल, तर ती स्वस्ताई उद्या आणखी वाढेल आणि तुमच्या घराची किंमत तिच्यासोबत खाली जाईल.

दुसरे कारण मुबलक जमीन आणि सुलभ बांधकाम हे आहे. टेक्सास, जॉर्जिया, कॅरोलिना राज्यांतील शहरे वाढत असतानाही बराच काळ परवडणारी राहिली, कारण तेथे मागणीसोबत घरेही बांधली गेली. ह्यूस्टनमध्ये तर नेहमीच्या अर्थाने जमीनवापराचे विभागीकरणच, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणारे नियमच, नाहीत. २०२० नंतर ऑस्टिनमध्ये भाडी झपाट्याने चढली, पण बांधकामही प्रचंड झाले आणि भाडी पुन्हा खाली आली. याउलट आयडाहोतील बॉयझी हे वर्षानुवर्षे ‘स्वस्त शहर’ म्हणून सांगितले जाई. तेथे बाहेरून आलेल्यांची रीघ लागली आणि काही वर्षांतच स्थानिकांना त्यांच्याच पगारात घर घेणे अशक्य झाले. एखादे ठिकाण यादीत गाजू लागले असेल, तर त्याची स्वस्ताई किती टिकेल याचा अंदाज तेथील बांधकाम परवान्यांच्या आकड्यांवरून घ्यावा. काउंटीनिहाय परवान्यांचे आकडे जनगणना विभाग देतो आणि कोणत्या काउंटीतून कोणत्या काउंटीत किती कुटुंबे गेली हे अंतर्गत महसूल सेवेच्या, म्हणजे संघीय करखात्याच्या, विवरणपत्रांवर आधारित तक्त्यांत मिळते. येणारे वाढत आहेत आणि परवाने वाढत नाहीत, असे दिसले तर ते ठिकाण मी यादीतून काढते.

तिसरे कारण धोका. लुइझियानाचा किनारी भाग, फ्लोरिडाचे काही भाग, ओक्लाहोमा आणि कॅन्ससचा गारपिटीचा पट्टा येथील घरांच्या किमतींत वादळाची भीती आधीच धरलेली असते. तिच्याविषयी पुढे विम्याच्या निमित्ताने सविस्तर लिहिते. चौथे कारण दूरपणा. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा राज्यांच्या अंतर्भागात घरे अतिशय स्वस्त आहेत, पण प्रसूतिविभाग असलेले रुग्णालय शंभर किलोमीटरवर असू शकते. २०१० पासून देशात शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद झाली आहेत किंवा त्यांनी रुग्णांना दाखल करून घेणे थांबवले आहे. लहान मुले असलेल्या आणि रुग्णालयातच नोकरी शोधणाऱ्या तुमच्या कुटुंबासाठी हे कारण थेट बाधणारे आहे, म्हणून तो प्रदेश मी तुमच्यापुरता वगळते.

यानंतर खर्चाचा ताळा. घरासाठी मिळकतीच्या तीस टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, हा नियम सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा उगम सार्वजनिक घरांच्या भाड्यावरील मर्यादेत आहे. १९६९ मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने ती पंचवीस टक्के ठरली आणि १९८१ मध्ये तीस टक्के झाली. मूळ उद्देश वेगळा असल्यामुळे प्रदेश निवडताना हा नियम अपुरा पडतो. शिकागोतील ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ ही संस्था घर आणि प्रवास मिळून पंचेचाळीस टक्के ही मर्यादा धरते आणि त्यानुसार वस्तीनिहाय नकाशाही देते. मला ही पद्धत अधिक योग्य वाटते, कारण स्वस्त घर शहरापासून जितके दूर, तितका गाड्यांवरचा खर्च वाढतो आणि एका गाडीत भागणाऱ्या कुटुंबाला दुसरी गाडी अपरिहार्य होते.

करांबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पगारावर राज्याचा प्राप्तिकर नसलेली नऊ राज्ये आहेत : अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. त्यांची नावे ऐकून लोक तिकडे धाव घेतात. परंतु राज्याला पैसा कुठून तरी उभा करावाच लागतो. टेनेसीत राज्याचा विक्रीकर ७ टक्के असून स्थानिक कर धरून तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जातो. टेक्सासात घरावरचा कर मोठा आहे. तीन लाख डॉलरच्या घरावर १.८ टक्के दराने वर्षाला ५४०० डॉलर, म्हणजे महिन्याला साडेचारशे डॉलर होतात, अलाबामात ०.४ टक्के धरला तर त्याच किमतीच्या घरावर वर्षाला १२०० डॉलरच पडतात. उलट बाजूही पाहा. तुमच्या मिळकतीवर, पती-पत्नीचे एकत्र विवरणपत्र धरल्यास, न्यू जर्सीचा प्राप्तिकर सुमारे तीन टक्केच पडतो, कारण तेथील खालच्या टप्प्यांचे दर कमी आहेत. पेनसिल्व्हेनियात ३.०७ टक्के सरसकट आणि त्यावर बहुतेक ठिकाणी एक टक्का स्थानिक कर, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. न्यू जर्सी महाग ठरते ते घराच्या किमतीमुळे आणि मालमत्ताकरामुळे. पगारावरच्या करामुळे नव्हे, निदान तुमच्या मिळकतीच्या कुटुंबासाठी तरी नव्हे. ओहायोत शहरे वेगळा प्राप्तिकर घेतात. क्लीव्हलंड, कोलंबस आणि टोलिडो या तिन्ही शहरांत तो अडीच टक्के आहे. इंडियानात प्रत्येक काउंटीचा आपला प्राप्तिकर असतो. राज्याचा दर पाहून थांबणाऱ्यांना हे आकडे पहिल्या पगारातच भेटतात.

मालमत्ताकराबाबत एक सापळा विशेष सांगायला हवा. विक्रीच्या जाहिरातीत दाखवलेला कर हा विकणाऱ्याचा कर असतो. मिशिगनमध्ये १९९४ पासून करपात्र मूल्याच्या वार्षिक वाढीवर मर्यादा आहे, पण घर विकले गेले की ती मर्यादा उठते आणि पुढच्या वर्षी मूल्य बाजारभावाच्या पातळीवर नेले जाते. फ्लोरिडात स्वतः राहत असलेल्या घराच्या मूल्यवाढीवर वर्षाला जास्तीत जास्त तीन टक्क्यांची मर्यादा आहे आणि तीही मालक बदलला की नव्याने सुरू होते. वीस वर्षे त्याच घरात राहिलेल्या वृद्ध दांपत्याचा कर पाहून नवीन खरेदीदाराने मासिक हप्त्याचा हिशेब केला, तर दुसऱ्या वर्षी हप्ता अचानक काही शे डॉलरने वाढू शकतो. त्या काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाला फोन करून ‘मी या किमतीला घेतले तर माझा कर किती येईल’ असे विचारावे. बहुतेक कार्यालये नीट उत्तर देतात.

पतीची कंपनी न्यू यॉर्क राज्यात असेल, तर आणखी एक नियम लागू होतो. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करत असेल, तर त्या दिवसांच्या पगारावरही न्यू यॉर्क आपला प्राप्तिकर आकारते. अशा वेळी टेक्सास किंवा फ्लोरिडात जाऊन प्राप्तिकर वाचण्याची आशा बरीचशी फोल ठरते.

विम्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे आणि माझ्या मते आज प्रदेशनिवडीतला हा सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. लुइझियाना आणि फ्लोरिडात घराचा विमा देशाच्या सरासरीच्या कित्येक पट पडू शकतो आणि काही कंपन्यांनी तेथून काढता पाय घेतला आहे. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का आणि उत्तर टेक्सासात गारपिटीमुळे छपरांचे दावे एवढे येतात, की वारा आणि गारा यांसाठी वेगळी वजावट ठेवली जाते. ती ठराविक रकमेत नसून घराच्या विमारकमेच्या टक्क्यांत असते. तीन लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे पहिले ६००० डॉलर तुमच्या खिशातून. पुराचा विमा नेहमीच्या घरविम्यात येतच नाही. त्यासाठी १९६८ पासून राष्ट्रीय पूरविमा योजना आहे, तिचा नवा विमा साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो. आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे पूरनकाशे फुकट पाहता येतात, पण नकाशात घर धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातले ॲशव्हिल हवामानबदलापासून सुरक्षित म्हणून सांगितले जात असे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाच्या पावसाने तेथे भीषण पूर आला. घरासाठी प्रस्ताव देण्यापूर्वी त्याच पत्त्यावर विम्याचे प्रत्यक्ष दर मागवावेत आणि विकणाऱ्याकडून त्या घरावरील मागील दाव्यांचा अहवाल घ्यावा.

बाकीच्या खर्चांविषयी थोडक्यात. गाडीचा विमा पिनकोडावर ठरतो आणि डेट्रॉइटमध्ये तो देशातील सर्वांत महाग विम्यांपैकी राहिला आहे. थंड प्रदेशात घर कशावर तापते हे विचारावे. नैसर्गिक वायूची वाहिनी असलेले घर आणि तेलावर किंवा प्रोपेनवर तापणारे घर यांच्या हिवाळ्यातील बिलांत मोठा फरक पडतो. घरून काम करणाऱ्यासाठी इंटरनेट हा उपजीविकेचा प्रश्न आहे. संघीय दळणवळण आयोगाच्या नकाशात पत्ता टाकून पाहावा आणि शेजाऱ्यालाही विचारावे, कारण नकाशात दिसणारी सेवा दारापर्यंत पोहोचलेली असेलच असे नाही.

पाळणाघराचा खर्च तुमच्या ताळेबंदात भाड्याखालोखाल आहे, म्हणून त्याचे दर काउंटीनिहाय पाहा. श्रम खात्याने ते संकलित करून प्रसिद्ध केले आहेत. ओक्लाहोमात १९९८ पासून चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळांत मोफत पूर्वप्राथमिक वर्ग आहेत, जॉर्जियातही राज्यव्यापी कार्यक्रम आहे. न्यू जर्सीतही अनेक शालेय जिल्हे, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, असे वर्ग चालवतात, तेव्हा आपला जिल्हा त्यांत आहे का हे निघण्यापूर्वीच तपासावे. एखाद्या कुटुंबाची निम्मी अडचण तेवढ्यानेच सुटते.

एच-१बी व्हिसाविषयी आता जे लिहिते आहे ते घर शोधण्याच्या आधी वाचावे, नंतर नव्हे. तुमचा व्हिसा केवळ कंपनीशी नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशीही बांधलेला आहे, आणि घरून काम करत असाल तर घर हेच कामाचे ठिकाण. नवे घर त्याच महानगर विभागाबाहेर असेल, तर कंपनीला नवा श्रम-अट अर्ज (कामाचे ठिकाण आणि पगार नमूद करणारा) आणि सुधारित याचिका दाखल करावी लागते, आणि तीही तुम्ही तेथून काम सुरू करण्यापूर्वी. २०१५ च्या एका प्रशासकीय निर्णयानंतर याबाबत संदिग्धता राहिलेली नाही. ग्रीन कार्डासाठीची श्रम-प्रमाणन प्रक्रिया सुरू असेल, तर तीही ठराविक ठिकाणासाठी असते आणि जागा बदलल्यास ती नव्याने करावी लागण्याची शक्यता असते. कंपनी त्या राज्यात पगारपत्रकासाठी नोंदलेली आहे का, आणि स्वस्त प्रदेशात गेल्यावर ती पगार कमी करते का, हेही लेखी विचारून घ्यावे. पत्नी एच-४ म्हणजे एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावरील कामाच्या परवान्यावर असतील, तर त्याची मुदत आणि नूतनीकरण लक्षात घेऊनच दुसऱ्या मिळकतीचा हिशेब करावा.

कर्जाच्या बाबतीतही व्हिसाचा परिणाम होतो. ग्रामीण भागात शून्य आगाऊ रकमेवर मिळणारे कृषी खात्याच्या हमीचे गृहकर्ज अनेक लेखांत सुचवलेले असते, पण ते एच-१बी धारकांसाठी नाही. संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या हमीची कर्जेही मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झाली आहेत. तुमच्यासाठी उरते ते बँकांचे नेहमीचे गृहकर्ज, म्हणजे आगाऊ रकमेची आणि पतगुणांकाची तयारी आधी करावी लागेल. काही ठिकाणी नव्याने येणाऱ्यांना रोख रक्कम दिली जाते. ओक्लाहोमातील टल्सा शहरात २०१८ पासून घरून काम करणाऱ्यांना १० हजार डॉलर देणारी योजना आहे, वेस्ट व्हर्जिनियात २०२१ पासून १२ हजार डॉलरची. ही रक्कम करपात्र असते आणि स्थलांतराच्या खर्चातच बरीचशी संपते. आधी निवडलेले ठिकाण अशा योजनेत बसले तर ती घ्यावी, योजनेसाठी ठिकाण निवडू नये.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. व्हिसाची बाजू मार्गी लागते असे धरून मी तुमच्यासमोर तीन नावे ठेवीन. पहिले पिट्सबर्गची उपनगरे. रुग्णालयांतील नोकऱ्या तेथे भरपूर आहेत, विमानतळ मोठा आहे आणि न्यू जर्सी गाडीने एका दिवसात गाठता येते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात : जुन्या कोळसा खाणींवरील जमीन खचण्याचा विमा, जो राज्य सरकारच स्वस्तात देते; तळघरात साठणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची चाचणी; आणि मालमत्तेचे मूल्यांकन २०१२ च्या पायावर अडकलेले असल्यामुळे नव्या खरेदीनंतर शालेय जिल्ह्याकडून ते वाढवून मागितले जाण्याची शक्यता. दुसरे रॉचेस्टर. घरे स्वस्त आणि वैद्यकीय क्षेत्र मोठे, पण घराच्या किमतीच्या प्रमाणात मालमत्ताकर देशातील सर्वांत चढ्या करांपैकी आहे, त्यामुळे तेथे घराची किंमत न पाहता कर धरून येणारा मासिक हप्ताच पाहावा. तिसरे इंडियानातील फोर्ट वेन. स्वतः राहत असलेल्या घरावरचा कर तेथे मूल्याच्या एक टक्क्यावर राज्यघटनेनेच रोखलेला आहे, चक्रीवादळाच्या किनाऱ्यांपासून ते दूर आहे, आणि तिघांत घरासाठी शिल्लक टाकायला मला ते सर्वांत सोपे वाटते.

तिन्ही ठिकाणी एकेक आठवडा जाऊन राहा, शक्य तर जानेवारीत, कारण उत्तरेकडचा हिवाळा सोसवतो का हे जूनमध्ये कळत नाही. निवड झाल्यावरही पहिले वर्ष भाड्यानेच काढा. कोणता शालेय जिल्हा चांगला, कोणत्या गल्लीत तळघरात पाणी शिरते, हे तेवढ्या काळात समजते. फोर्ट वेनची अडचण एकच आहे : तेथे रुग्णालयांचे मोठे समूह मोजकेच आहेत, त्यामुळे पत्नीला पहिल्या ठिकाणी नोकरी मिळाली नाही किंवा ती गेली, तर पर्याय पिट्सबर्गपेक्षा पुष्कळच कमी राहतील. म्हणून तिन्ही शहरांत अर्ज आधी त्यांनी करावेत आणि जिथून नेमणुकीचे पत्र येईल, तिथल्याच काउंटीचे भाडे, कर आणि विम्याचे आकडे पुढे तपासायला घ्यावेत.